धावपट्टी मोकळी आहे

१

तासिर्जुआकहून विमान उडालं की तिथला माणूस फोन करायचा, "निघालं गं," एवढंच म्हणायचा, आणि इकडे मानिर्तूकच्या विमानतळावर आपिया किटली शेगडीवर चढवायची. विमानतळ म्हणजे पत्र्याचं एक निळं घर. दोन बाकं, एक वजनकाटा, आपियाचं टेबल आणि टेबलावर रेडिओ. पण गावात जायला दुसरं ठिकाण तरी कुठलं? विमानाच्या वेळेला अर्धं गाव तिथेच. कोणाचं सामान यायचं असायचं, कोणाची सासू, आणि उरलेल्यांचं काहीच नाही, नुसत्या चौकशा.

पाणी उकळायचं, चहा पडायचा. आपिया फरशी झाडून घ्यायची, बाहेर डोकावून वारा बघायची, पेला भरायची. पेल्याच्या तळाशी आली की दक्षिणेकडून घरघर ऐकू यायची. कैक वर्षं हा हिशेब चुकला नव्हता. दोनशे बारा किलोमीटर म्हणजे एक किटली चहा. शाळेच्या पोरांनी रंगवलेली पाटीही भिंतीवर होती, तासिर्जुआक २१२, पुढे बाण. बाण चुकून समुद्राकडे निघालेला, पण आकडा बरोबर होता.

त्या वसंतात चहा कडू व्हायला लागला.

"आजी, आज पत्ती किती ओतलीस?" पिलिपूसीने तोंड वेडंवाकडं केलं. धावपट्टीवरचा बर्फ खरवडणारी पिवळी गाडी तो चालवायचा. आपियापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा, पण तिला आजीच म्हणायचा. त्याची आजी वारली त्याच हिवाळ्यात आपिया जन्मली, आजीचं नाव तिला मिळालं, आणि नावाबरोबर नातंही तिच्याकडे आलं. इकडे ते असंच चालतं. हा टकला माणूस पहिला मासा गळाला लागला की आजीचा वाटा म्हणून शेपटीकडचा तुकडा तिला आणून द्यायचा.

"रोजचीच ओतली. जीभ धुऊन ये."

"धुतलेलीच आहे. चहाच म्हातारा झालाय."

"आजीशी असं बोलतात?" म्हणत आपियाने किटलीचं झाकण उघडलं. आत डांबरासारखं काळं पाणी. फरशी झाडून झाली होती, वारा बघून झाला होता, दोन पेले रिचवून झाले होते, आणि आकाश अजून गप्प होतं. तिने चहा बाहेर बर्फावर फेकला आणि दुसरं पाणी चढवलं. ते उकळायला आलं तेव्हा कुठे घरघर ऐकू आली.

समोरून वारा असेल, ती मनाशी म्हणाली. मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. काठीवरची, वारा दाखवणारी कापडी पिशवी ओल्या मोज्यासारखी लोंबत होती.

२

आधीच्या वर्षी याच दिवसांत, सूर्य मावळायचा विसरतो त्या दिवसांत, आपियाचा मुलगा तुलुगाक बर्फावर पळणारी स्नोमोबाइल घेऊन तासिर्जुआकला निघाला होता. रस्ता पायाखालचा. तो तिथे पोचला नाही. बर्फ मऊ पडेपर्यंत दोन्ही गावांनी पठार पालथं घातलं. मिळालं काय, तर इंधनाचा एक डबा. बर्फावर सरळ उभा, झाकण नीट लावलेलं. आसपास ना पाऊल, ना चाकोरी.

जो बाहेर आहे त्याच्याशी रेडिओवर बोलत राहायचं, ही गावाची रीत. उत्तर येवो न येवो. चहा ठेवलाय, पोरीला दात आला, तुझ्या कुत्र्याने माझा हातमोजा खाल्ला, घरी ये मग बघते. तुलुगाकशीही सगळे बोलले. मग एकेक जण गप्प झाला. कोणी कामाला लागला, कोणाला भीती वाटली. आपिया मात्र थांबली नाही. रोज, विमान येवो न येवो, ती रेडिओ हातात घ्यायची आणि म्हणायची, "तुलुगाक, मानिर्तूक बोलतेय. वारा हलका आहे. धावपट्टी मोकळी आहे. कुठवर आलास, बाळा? ये." स्नोमोबाइलवाल्याला धावपट्टी कशाला, असं कोणी विचारलं नाही. तिच्या तोंडात बसलेले शब्द ते तेच होते, आणि तिला विचारायची छाती कोणाची होती?

भांडण झालं ते तिच्या मुलीशी, उलीपिकाशी. उलीपिकाला दिवस गेले होते. बाळंतपणाला मोठ्या गावी, तासिर्जुआकला जावं लागतं, तिथे दाया आहेत. जायच्या आधी मायलेकी जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा कापून खात बसल्या होत्या.

"आई, बाळाला तुलुगाकचं नाव देते."

आपियाची सुरी थांबली. "नाव गेलेल्याचं देतात."

"तो स्वप्नात येतो माझ्या. पाणी मागतो."

पाणी मागणारा मेलेला माणूस नाव मागत असतो, हे आपियाला काय सांगायला हवं होतं? ती म्हणाली, "मग स्वप्नात पाणी दे. नाव द्यायचं नाही. माझा मुलगा वाटेत आहे. वाटेतल्या माणसाचं नाव काढून घ्यायचं?"

"वर्ष होत आलं, आई!"

"दोन होऊ देत."

उलीपिकाने हात पुसले आणि उठली. विमानात चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही. पंधरवड्याने दाईचा फोन आला. मुलगी झाली, गुटगुटीत आहे, आईही बरी आहे. फक्त नाव काही ठेवलेलं नाही. विचारलं की आई भिंतीकडे तोंड करते.

आपियाने फोन ठेवला आणि बराच वेळ रेडिओच्या काळ्या डब्याकडे बघत बसली. नात झाल्याचा आनंद तिला झाला होता, आणि तो कोणापाशी दाखवायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

३

वैमानिक क्लेटन मूळचा दक्षिणेकडचा, पण इतकी वर्षं इकडे काढलेला की सीलची कच्ची कलेजी चोरून खायचा आणि पत्त्यांत गावातल्या म्हाताऱ्यांना लुबाडायचा. एक दिवस खोकी उतरवून झाल्यावर तो टेबलाशी येऊन टेकला.

"आपियाबाई, मला वारा एकदाच सांगत जा. केस गेलेत माझे, कान शाबूत आहेत."

"एकदाच सांगते."

"कुठलं! आज निम्म्या वाटेत एकदा सांगितलात, मग इथे पोचताना एकदा. काल पण तेच." तो हसला. "आणि पहिल्यांदा केवढ्या गोड बोलता! दुसऱ्यांदा नेहमीसारख्या खेकसता."

आपियाने निम्म्या वाटेत तोंड उघडलं नव्हतं. ती तेव्हा फरशी झाडत होती. पण हे त्याला सांगावं की नाही, हे तिला ठरवता येईना. "उशीर का होतोय रे हल्ली?" तिने विचारलं.

क्लेटनचं हसू जरा मागे सरलं. "यंत्र म्हणतं दोनशे बारा. माझंही तेच म्हणणं. सुरुवात ठीक असते. शेवटचे वीस उरले की मात्र वीसच राहतात. मी बघतो, वीस. शेजारी बसणारा नवखा वैमानिक पोरगा बघतो, वीस. खाली पांढरं, वर पांढरं. मग एकदम तुमचं गाव समोर." त्याने टोपी घातली. "यंत्र जुनं आहे. इंधन थोडं जास्त भरून निघतो झालं."

तो गेल्यावर आपियाने मनाची समजूत घातली. तशी ती शहाणी बाई, भुताखेताच्या गोष्टी ऐकताना मोठ्याने जांभई देणारी. टेकड्यांवरून आवाज फिरून येतो. थंड हवेत दूरचं जवळ ऐकू येतं. कधीकाळी कोणी विमानात बसून तिचा आवाज टेपवर घेतला असेल. एकेक कारण तिने हातात घेऊन पाहिलं, आणि प्रत्येकात थोडं थोडं भोक निघालं.

४

दोन दिवसांनी तिने स्वतः ऐकलं.

विमान येऊन गेलं होतं. लोक आपापली खोकी ओढत घरी गेले होते. पिलिपूसी बाकावर बसून लोणी लावलेली जाड रोटी खात होता. खिडकीतून इतकं ऊन येत होतं की टेबलावरची धूळही मोजता आली असती. आपियाने रेडिओ उचलला, रोजचं म्हटलं. कुठवर आलास, बाळा? ये. बोट बटणावरून काढलं.

"तुलुगाक, मानिर्तूक बोलतेय," रेडिओ म्हणाला.

पिलिपूसीचं चावणं थांबलं.

"वारा हलका आहे. धावपट्टी मोकळी आहे." आवाज आपियाचा. तोच घोगरेपणा, 'मोकळी'वर तोच जोर. "मासा सोलून ठेवलाय. तुझ्या आवडीचा, पोटाकडचा. कुठवर आलास?"

मासा सोलून ठेवल्याचं आपिया आज म्हणाली नव्हती. ते ती गेल्या वर्षी म्हणाली होती, पहिल्या आठवड्यात, जेव्हा खरोखरच एक मासा सोलून ताटलीत ठेवलेला होता. मग, तिची जात ती, तिला राग आला. तिने बटण दाबलं. "कोण आहे तिकडे?"

थोडी खरखर झाली. त्या खरखरीच्या मागे आपियाला आणखी काही ऐकू आलं. झाडू. फरशीवरून झाडू फिरल्याचा आवाज.

"कोण आहे तिकडे?" तिच्याच आवाजाने विचारलं. त्यालाही राग आलेला होता.

पिलिपूसी उठला, टेबलापाशी आला आणि रेडिओकडे न बघता म्हणाला, "आजी, तू त्याला हाका मारणं बंद कर."

"का म्हणून?"

"रोज बाहेर तोंड करून हाक मारतेस. ज्याला मारतेस तो ओ देत नाही. मग दुसरं कोणीतरी ओ द्यायला शिकणारच ना?"

"शिकेना का! मी काय घाबरते?" आपिया त्याच्यावर ओरडली. "दोन गावांच्या मधे काय आहे? दगड आणि बर्फ. दगडाला घाबरून मी माझ्या पोराला हाक मारायची सोडू? उद्या दगड म्हणतील, घर पण सोड!"

"मी तुझा नातू आहे म्हणून सांगतोय."

"नातू आहेस तर गप्प बस."

तो उरलेली रोटी उचलून गाडीकडे गेला. पण त्या दिवशी आपियाने जायच्या आधी रेडिओवर एक गोधडी टाकली, आणि आपण ती कशासाठी टाकली याचा विचार केला नाही.

५

उलीपिका परत यायची होती तो दिवस आरशासारखा लख्ख उजाडला. उजाडला म्हणायचं ते सवयीने, मावळला होता कुठे? निम्मं गाव नवं बाळ बघायला निळ्या घरात जमलं. बायका बाळाला कोणाचं नाव मिळणार यावर कुजबुजत होत्या आणि आपिया जवळ आली की हवामानाबद्दल बोलत होत्या.

फोन आला. "निघालं गं. लेक आणि नात पुढच्याच बाकावर बसल्यात."

आपियाने किटली चढवली. चहा पडला. फरशी झाडली, लोकांच्या पायांमधून. चहा काळा झाला. दुसरी किटली चढली, तीही आटली. बायकांची कुजबूज हळूहळू बंद पडली. पिलिपूसी दारात उभा राहून दक्षिणेकडे बघत होता, डोळ्यांवर हात धरून.

मग क्लेटनचा आवाज आला, चांगला स्वच्छ. "मानिर्तूक, वीस किलोमीटर."

"ये रे बाबा," आपिया म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिसरी किटली चढवायला गेली. पाणी उकळलं तेव्हा क्लेटन पुन्हा म्हणाला, "मानिर्तूक, वीस किलोमीटर." या वेळी आवाजात पूर्वीचा खेळकरपणा नव्हता. आणखी बऱ्याच वेळाने: "दिसलं. गाव दिसलं. आलो, आपियाबाई. इंधनाचं काही खरं नाही, सरळच उतरतो."

आपिया दाराकडे धावली. लोक बाजूला झाले. बाहेर निळंभोर आकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यात काहीसुद्धा नव्हतं. तिने श्वास धरून ऐकलं. एक कुत्रं आपली साखळी ओढत होतं, बाकी शांतता.

मागे, तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर, रेडिओतून तिचाच आवाज गोड बोलला. "वारा हलका आहे. धावपट्टी मोकळी आहे. ये."

६

खुर्चीत ती कशी पोचली हे तिला नंतर आठवलं नाही. "क्लेटन! उतरू नकोस! ते मानिर्तूक नाही!"

"काय?"

"माझ्या डोक्यावर विमान नाही. ऐकतोस का? आकाश रिकामं आहे. तू भलतीकडे आहेस."

"आपियाबाई, समोर शाळेचं छप्पर दिसतंय मला. कुंपण दिसतंय. लोक उभे आहेत." तो थांबला. "आणि आत्ताच तर तुम्ही ये म्हणालात."

"ये," रेडिओतली आपिया म्हणाली. "धावपट्टी मोकळी आहे."

मग क्लेटन अगदी हळू म्हणाला, "दोघींपैकी खेकसणारी कोण?"

"मी!" आपिया खेकसली. आणि पिलिपूसीकडे वळली. "गाडी काढ. धावपट्टीच्या मधोमध नेऊन उभी कर. पळ!" टकला माणूस जन्मात कधी धावला नसेल तसा धावला. आपियाने पुन्हा बटण दाबलं. "क्लेटन, नीट ऐक. माझी धावपट्टी मोकळी नाही. माझ्या धावपट्टीवर पिवळी गाडी उभी आहे. तुझ्या समोरच्या धावपट्टीवर आहे का?"

"नाही. मोकळी आहे."

"मग ती माझी नाही. वर राहा. नाकासमोर सरळ ये."

इंजिनाचा सूर चढलेला रेडिओतून ऐकू आला. कोणीतरी बाई रडायला लागली, दुसरीने तिला दटावलं. आणि मग क्लेटन म्हणाला, "थांबा. आली गाडी. पिवळी. कडेने येतेय, मधे उभी राहिली." "आपियाबाई, आत चालवायला कोणी नाहीये."

शेजारचा नवखा वैमानिक काहीतरी भराभरा बोलत होता, इंधनाबद्दल. त्या गोंधळातून एक वेगळा आवाज आला. उलीपिकाने पुढे वाकून कोणाच्या तरी कानांवरचं यंत्र ओढून घेतलं असावं.

"आई." भांडून गेल्यापासूनचा पहिला शब्द. "आई, तो तिथे आहे. कुंपणाशी. निळा कोट. हात करतोय मला. आई, तुलुगाक आहे!"

आपियाच्या हातातून रेडिओ सुटलाच असता. एक वर्ष तिने हेच मागितलं होतं. दुसरं काहीसुद्धा मागितलं नव्हतं. कोणीतरी सांगावं की तो दिसला, उभा आहे, निळ्या कोटात आहे, हात करतोय. कसा दिसतो गं? वाळलाय का? हे प्रश्न तिच्या ओठांवर येऊन उभे राहिले. तिला वाटलं, एकदा उतरू दे विमान. एकदाच. लेक जाऊन त्याचा हात धरेल आणि घेऊन येईल.

"उतर, पोरी," तिचा गोड आवाज म्हणाला. "तुझा भाऊ किती वेळ उभा आहे बघ. ये."

"त्याचं तोंड दिसतंय?" आपियाने विचारलं.

"हसतोय... नाही. लांब आहे. ऊन आहे खूप." उलीपिका हुंदके देत होती. "टोपीच्या आत... आई, मला तोंड सापडत नाहीये."

त्याच क्षणी रेडिओवर बाळ रडलं. ओलं, चिडकं, भुकेलं रडणं. घरातल्या सगळ्या बायकांचे हात नकळत आपापल्या छातीशी गेले.

"उलीपिका," आपिया म्हणाली, "खिडकीबाहेर बघू नकोस. तुलुगाक बाहेर नाही. तुझ्या मांडीवर आहे."

"तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. चूक म्हणाले. हट्टी आहे तुझी आई, सगळ्या गावाला माहीत आहे. माझा मुलगा गेला, उलीपिका." हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही उघड्या रेडिओवर, अर्ध्या गावासमोर. काळीज फाटलं, आवाज तेवढा फाटू दिला नाही. "गेला तो. आणि त्याचं नाव मी त्या उजाड माळावर वर्षभर उघडं टाकलं. आता मला ते परत हवंय. बाळाला दे ते. कानात सांग."

"ये, बाळा," रेडिओ म्हणाला. "ये, ये, धावपट्टी—"

"तुला विचारलं नाही मी!" आपिया त्याच्यावर कडाडली. "सांग, पोरी!"

खरखरीत उलीपिकाचा आवाज बारीक झाला. ती रेडिओशी बोलत नव्हती. कोणाच्या तरी इवल्या कानाशी ओठ नेऊन ती म्हणाली, "तुलुगाक." आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "तुलुगाक, नुसती लेक नाही, माझा दादा. चल घरी."

बाळ रडायचं थांबलं.

क्लेटन काहीतरी म्हणाला, त्याच्या भाषेत, देवाचं नाव. आणि दारातलं कुत्रं उभं राहून भुंकायला लागलं, कारण दक्षिणेच्या आकाशातून घरघर येत होती, खरीखुरी, जवळची.

"दिसतंय," क्लेटन म्हणाला. "शाळा दिसतेय. पिवळी गाडी दिसतेय, आणि आत एक टकलू बसलाय."

"तोच माझा नातू. ये."

पिलिपूसीची गाडी मात्र ऐन वेळी बंद पडली होती. तो आत बसून तिला आईबहिणीवरून शिव्या देत होता. क्लेटनने अर्ध्या धावपट्टीवर विमान टेकवलं, आणि ते थांबलं तेव्हा त्याचं नाक आणि गाडीचं नाक यांच्यात एक माणूस आडवा झोपला असता एवढीच जागा उरली होती.

७

उलीपिका पायऱ्या उतरली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण या वेळी कारण वेगळं होतं. आपियाने लेकीच्या कोटाच्या, बाळ ठेवायला शिवलेल्या पाठीवरच्या मोठ्या टोपीतून बाळ काढून घेतलं. ऊब, दुधाचा वास, मुठी आवळलेल्या. मुलगी.

"माझा मुलगा," आपिया म्हणाली. "कुठे होतास रे इतके दिवस?"

मग सगळेच पुढे आले. तुलुगाकच्या मित्राने बाळाला शिकारीच्या पैजेचे पैसे बुडवल्याबद्दल सुनावलं. एका म्हातारीने बाळाच्या कपाळाला नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, जाडा झालायस. माणसं हसत होती आणि रडत होती. आपियाही रडली, सगळ्यांदेखत, वर्षभराचं. तिचा मुलगा घरी आला होता, आणि तिचा मुलगा मेला होता. दोन्ही खरं होतं. तिला वाटलं होतं की यातलं एकच आपल्याला सोसेल. दोन्ही सोसत होती.

क्लेटन पंखाखाली उकिडवा बसून सिगारेट ओढत होता. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. उलीपिकाने आईला एकदाच सांगितलं, घरी चालत जाताना. तिने नाव घेतलं तेव्हा कुंपणाशी उभ्या असलेल्याचा हात खाली आला. बाकीचे सगळे लोक, ते सगळे एकाच वेळी वर बघायला लागले. "त्यांचे कोट आपल्या सगळ्यांचे होते, आई." आपियाने तिचा हात घट्ट धरला आणि विषय बदलला.

पण ते नंतर. त्याआधी, गर्दी पांगल्यावर, ती बाळाला पाठीवर घेऊन निळ्या घरात शेगडी विझवायला गेली. उन्हात धूळ तरंगत होती. रेडिओ चालूच राहिला होता.

"कुठवर आलास, बाळा?" रेडिओ म्हणत होता. गोडवा संपला होता. नुसता आपियाचा आवाज, थकलेला, जसा तो तिने एवढं वर्ष वापरला होता. "वारा हलका आहे. धावपट्टी मोकळी आहे. कुठवर आलास? कोणीच नाही आलं. कुठवर आलास?" आणि मग तो आवाज रडायला लागला, गळा काढून, बाई एकटी असताना रडते तसा.

पाठीवर बाळ चुळबुळलं. आपिया ऐकत उभी राहिली. तिला भीती वाटत होती, नाही असं नाही; आणि तिला त्या आवाजाची कीवही आली, कारण तो तिचाच होता. तिने रेडिओ उचलला, बटण दाबलं.

"मानिर्तूक बोलतेय," ती म्हणाली. "माझा माणूस पोचला. तू पोटभर रड. रडून झालं की तिथून बाजूला सरक. उद्या विमान आहे."